कुंपण टिकले तर हद्द टिकते

घराच्या दुरुस्तीची यादी करायला बसले की छप्पर पहिले येते, मग भिंतीची ओल, मग विहिरीचा पंप. कुंपण सगळ्यांत शेवटी. पडले की बघू, असे म्हणून आपण ते सोडून देतो. पडल्यावर हाताला लागेल त्याने बांधून टाकतो. चार बांबू, पोफळीच्या रिपा, एखाद्या जुन्या दाराची फळी. दोन पावसाळ्यांनी पुन्हा तेच. आमच्या कोकणात याची इतकी सवय झाली आहे की कुंपण दर दोन वर्षांनी नव्याने घालायचेच असते, असे नव्या सुनांनाही वाटू लागते.

श्रीवर्धन तालुक्यातल्या एका गावात मी २८ वर्षे सासरी नांदते आहे. मुलांचे अब्बा जहाजावर. वर्षातले आठ महिने ते पाण्यावर असतात. त्यामुळे नारळ-पोफळीची वाडी, तिचे शिंपणे, तिचे गडी आणि तिचे कुंपण ही सारी कामे मी आणि माझ्या सासूबाई, म्हणजे आमच्या अम्मी, दोघींनी सांभाळली. लाकडाबद्दल मला जे कळते ते गावच्या सुतारकाकांकडून, अम्मींकडून आणि थोडेफार वाचून. ते लिहावेसे वाटले, कारण कुंपण कुजते तेव्हा लाकडाबरोबर आणखी काय काय जाते, ते मी या वाडीत पाहिले आहे.

आधी लाकूड कुजते कुठे ते पाहू. पडलेला खांब नीट पाहिलात तर वरचा भाग धड असतो. जमिनीत खोल गेलेले टोकही पुष्कळदा धड असते. मोडतो तो मातीच्या पातळीवर. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ओल लागते, हवा लागते आणि थोडी ऊबही लागते. खांबाचा वरचा भाग उन्हात वाळतो, तिथे ओल नाही. खोल मातीत हवा कमी. मातीच्या पातळीपासून वीतभर वर आणि हातभर खाली, एवढ्या पट्ट्यात मात्र ओल आणि हवा दोन्ही भरपूर असतात. आमच्याकडे चार महिन्यांत सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यामुळे हा पट्टा दसऱ्यापर्यंत सुकत नाही. वाळवीही याच वाटेने आत शिरते. बाहेरून खांब उभा दिसतो आणि आतून पोकळ झालेला असतो. हजरत सुलैमान (अलैहिस्सलाम) यांच्या काठीचा किस्सा आपण मुलांना सांगतो. किडा काठी आतून खात राहिला आणि काठी मोडेपर्यंत कुणालाच काही कळले नाही. कुंपणाचे अगदी तसेच होते.

आता यात जमिनीचा प्रश्न कसा येतो ते सांगते. खांब मोडला की त्याचा बुंधा खड्ड्यात राहतो. तो उपटून काढणे कष्टाचे, म्हणून गडी त्याच्या शेजारी, ज्या बाजूला माती मऊ लागेल त्या बाजूला, नवा खड्डा घेतो. कधी वीतभर इकडे, कधी वीतभर तिकडे. कुणाच्या मनात काही नसते. पण दर दोन वर्षांनी असे झाले तर २० वर्षांत कुंपण दहा वेळा सरकते. माणसे विसरतात आणि आज कुंपण जिथे आहे तीच हद्द असे धरून चालतात. मग एक दिवस कुणी घर बांधायला काढतो किंवा वाटणी होते, आणि दोन घरांचे बोलणे बंद होते. बांधाचे भांडण महाराष्ट्रातल्या कुठल्या गावात नाही?

आमच्यावर ती वेळ २०२० साली आली. ३ जूनला दुपारी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. ताशी १०० किलोमीटरहून अधिक वेगाचा वारा होता. काही तासांत पोफळी काडीसारख्या मोडल्या, नारळ मुळासकट आडवे झाले. आमच्या आणि चुलत दिरांच्या वाडीमधले कुंपण तर कुठे गेले ते कळलेही नाही. त्यात कोविडचे दिवस. जहाजांवरच्या लोकांची अदलाबदल थांबलेली, मुलांचे अब्बा जहाजावर अडकलेले. घरात मी, अम्मी आणि दोन मुली.

पडलेल्या झाडांचा पंचनामा झाला, वाडी थोडी मोकळी झाली, आणि चुलत दिरांचा मुलगा कुंपणाचे बोलायला आला. मुंबईत नोकरी करणारा, समजूतदार मुलगा. म्हणाला, "चाची, आंब्यापासून विहिरीच्या कठड्यापर्यंत दोरी ताणू. एकदम सरळ होईल, पट्ट्याही कमी लागतील."

अम्मी ओटीवर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "सरळ होईल रे बेटा, पण ती आपली हद्द होईल का?"

तो गप्प झाला. त्याच्या अब्बांच्या आठवणीतली रेघ वेगळी, आमच्या आठवणीतली वेगळी. प्रत्येकाच्या आठवणीत आपली वाडी थोडी मोठीच असते. मला रात्रभर झोप लागली नाही. जमिनीपेक्षा जास्त धास्ती वाटली ती या गोष्टीची, की हे परत येतील तेव्हा दोन्ही घरे एकमेकांच्या ईदला जात नसतील. दुसऱ्याची वीतभर जमीन अन्यायाने घेणाऱ्याला कयामतच्या दिवशी सात जमिनींचा फास गळ्यात पडेल, अशा अर्थाची हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. ती लहानपणापासून ऐकलेली. पण वीत कुठे सुरू होते तेच ठाऊक नसेल तर माणसाने काय करावे?

सुतारकाका म्हणाले, "भाबी, तुमच्या आजेसासऱ्यांनी खैराचे खांब घातले होते, असे माझा बाप सांगायचा. आधी खणून बघू." त्या खांबांचे वरचे भाग केव्हाच कापून नेलेले होते, एखादा गोठ्याला, एखादा दाराच्या चौकटीला. जमिनीतला भाग उपटायला जड, म्हणून तो तसाच राहिलेला. दोन्ही घरांतली माणसे पहार घेऊन उभी राहिली. सुमारे दीडशे फुटांच्या हद्दीवर सहा बुंधे सापडले. माती झटकली तर आतले लाकूड तांबूस आणि टणक. पहारीचा घाव घातला तर घणघणले.

त्या सहा बुंध्यांवरून दोरी ताणली. विहिरीच्या बाजूला आमचे कुंपण त्यांच्या जागेत दीड फूट गेलेले निघाले, आणि आंब्याच्या बाजूला त्यांचे आमच्या जागेत दोन फूट. दोन्हीकडची माणसे हसली. ज्याचे होते ते त्याला परत गेले. पुढे दोन्ही घरांनी मिळून सरकारी मोजणीचा अर्ज केला, कारण कागदावरचा पुरावा तोच. मोजणी झाली तेव्हा दोन्ही टोकांच्या खुणा त्याच दोरीवर पडल्या.

खैर इतका का टिकला? अशा झाडांच्या खोडात सालीखाली फिकट, नवे लाकूड असते आणि मध्ये गडद, जून गाभा. झाडाचे पाणी-अन्न फिकट लाकडातून फिरते, म्हणून ते बुरशी आणि वाळवीला आवडते. गाभ्यात झाडाने कडू-तुरट द्रव्ये साठवलेली असतात. पानाला लावतात तो काथ खैराच्या गाभ्यातूनच निघतो. हीच द्रव्ये लाकडाला राखतात. खैर असो की साग, फिकट लाकूड लवकर कुजतेच. म्हणून सागाचे खांब म्हणून कोवळ्या बल्ल्या कुणी विकत असेल तर कापलेले टोक पाहावे. गाभा सुपारीएवढा आणि बाकी सगळे फिकट असेल तर नाव सागाचे, आयुष्य सावरीचे. खैर, साग, ऐन, किंजळ, फणस अशी झाडे आपल्या मालकीची असली तरी १९६४ च्या झाडतोडीच्या कायद्याप्रमाणे परवानगीशिवाय तोडता येत नाहीत, हेही ध्यानात असू द्यावे.

आम्हाला नवे झाड तोडायचे नव्हते. वादळात पडलेले दोन फणस होते. फणसाचा पिवळा गाभा चांगला, पण मातीत तो खैराइतका तग धरणार नाही. तेव्हा सुतारकाकांनी जुन्या घराकडे बोट दाखवले. "ओटीचे खांब बघा. पणजोबांच्या वेळचे आहेत. का टिकले? खाली तळखडा आहे म्हणून." खरेच की. आपल्या जुन्या घरांत लाकडी खांब मातीत कधीच रोवत नाहीत. दगडी तळखड्यावर उभा करतात. पाणी दगडाला लागते, लाकडाला लागत नाही. घराला जे कळते ते कुंपणाला का कळू नये?

मग आम्ही सिमेंटचे आखूड खांब ओतून घेतले. दोन फूट जमिनीत, एक फूट वर. वरच्या भागात दोन भोके. त्याला फणसाचा खांब बोल्टने जोडला, आणि लाकडाचे खालचे टोक मातीपासून चार बोटे अधांतरी ठेवले. उद्या लाकूड कुजले तरी बोल्ट काढायचा आणि त्याच जागी नवे लाकूड लावायचे. नवा खड्डा नाही, म्हणजे सरकणे नाही. खैराचे बुंधे आम्ही उपटले नाहीत. ते जिथे आहेत तिथेच राहू दिले आणि त्यांच्या रेषेत मधल्या जागी सिमेंटचे खांब रोवले. खर्च निम्मा निम्मा.

ज्यांना खांब मातीतच रोवायचे आहेत त्यांनीही काही गोष्टी कराव्यात. खड्ड्याच्या तळाला वीतभर खडी टाकावी, म्हणजे पाणी खाली निघून जाईल. वर माती ठोकून खांबाभोवती उतार द्यावा, आळे होऊ देऊ नये. नुसते सिमेंट ओतून खांब उभा केला तर लाकूड आकसल्यावर मध्ये फट पडते आणि सिमेंटचाच पेला होऊन त्यात पाणी साठते. सिमेंट वापरायचेच तर तळ मोकळा ठेवावा आणि वरचे तोंड बाहेरच्या बाजूला उतरते करावे. खांबाचे टोक जाळून रोवण्याची जुनी रीत आहे. जळलेला थर किड्यांना आवडत नाही हे खरे, पण तो पातळ असतो. त्याला तडे गेले की ओल आतल्या लाकडात पोचते. हलके लाकूड जाळल्याने खैर होत नाही.

खांबाचा माथाही जपावा लागतो. कापलेल्या टोकातून लाकूड तोंडाने प्यावे तसे पाणी पिते. म्हणून माथा तिरका कापावा. आम्ही त्यावर नारळाची करवंटी पालथी बसवतो. काही ठिकाणी मंगलोरी कौलाचा तुकडा ठेवला आहे. मुलींना करवंट्या रंगवायला दिल्या, त्यांचेही काम झाले. खालची आडवी पट्टी जमिनीपासून वीतभर वर ठेवावी. उभ्या पट्ट्यांत दोन बोटांची फट सोडावी. त्यातून वारा जातो आणि पावसानंतर लाकूड लवकर सुकते. वादळात सलग फळ्यांचे कुंपण शिडासारखे वारा धरते आणि खांबासकट जाते. खिळे साधे लोखंडी नकोत. खाऱ्या हवेत ते गंजतात आणि खिळ्याभोवतीचे लाकूडही खराब करतात. जस्ताचा मुलामा असलेले किंवा स्टीलचे स्क्रू घ्यावेत, आणि आधी बारीक भोक पाडावे, म्हणजे पट्टी फाटत नाही.

आता लेप. वर्षानुवर्षे लोक गाडीचे जळके ऑइल फासतात, कारण ते फुकट मिळते. आमच्या वाडीत ते येऊ द्यायचे नाही असे अम्मींनी ठरवूनच टाकले आहे. ते लाकडात फारसे मुरत नाही. पावसाने धुऊन मातीत जाते आणि त्यातली धातूची घाण मातीत राहते. कुंपणापासून दहा पावलांवर विहीर. त्याच पाण्याने आपण वुजू करतो, तेच पितो. कोकणात काजूच्या टरफलांचे तेल मिळते. ते लाकडाला आणि होड्यांना लावायची जुनी पद्धत आहे आणि वाळवीला ते आवडत नाही. मात्र ते त्वचेवर पडले तर भाजल्यासारखे फोड येतात. हातमोजे घालून, लांब दांड्याच्या कुंच्याने लावावे आणि मुलांना दूर ठेवावे. मातीत जाणाऱ्या भागाला डांबर चालते. लेप कुठलाही असो, लाकूड खडखडीत वाळलेले हवे. ओल्या लाकडावर लेप दिला तर ओल आत कोंडते आणि कुजण्याचे काम अधिकच सोपे होते. जाड ऑइलपेंटचेही तसेच. त्याला एक तडा गेला की पाणी आत जाते आणि बाहेर यायला वाट उरत नाही.

बाजारात औषध मुरवलेले हिरवट लाकूडही मिळते. तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिकचे क्षार दाबाने लाकडात मुरवण्याची ही रीत १९३३ साली डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंती कामेसन या भारतीय शास्त्रज्ञांनी शोधून काढली आणि पुढे ती जगभर गेली. अशा लाकडाचे खांब मातीतही पुष्कळ वर्षे टिकतात. पण आर्सेनिक विषारी असल्यामुळे अमेरिकेत २००३ च्या अखेरीपासून घरगुती वापरासाठी ते बनवणे बंद झाले. असे लाकूड घेतलेत तर त्याचा भुसा गुरांखाली टाकू नका आणि तुकडे चुलीत जाळू नका. विचारूनच घ्यावे.

ज्यांच्याकडे पैसा कमी आणि जागा जास्त आहे, त्यांनी जिवंत खांबांचा विचार करावा. गिरिपुष्पाची किंवा पांगाऱ्याची मनगटाएवढी फांदी पावसाच्या तोंडाला रोवली की तिला मुळे फुटतात. जिवंत खांब कुजत नाही. गिरिपुष्पाचा पाला खत म्हणून वाडीला घालता येतो. घराजवळच्या बाजूला मेंदीची रांग लावली तर लग्नसराईत साऱ्या गल्लीला पुरते. या झाडांना खिळा ठोकू नये, आडव्या पट्ट्या काथ्याच्या दोरीने सैल बांधाव्यात. एक मात्र आहे. जिवंत कुंपण जाड होत जाते. छाटले नाही तर चार वर्षांत दोन्ही बाजूंची हातभर जागा खाते. म्हणून दर वर्षी छाटणी, आणि तीही दोन्ही बाजूंनी सारखी.

आमचे कुंपण पाच पावसाळे निघाले. एकच पट्टी बदलावी लागली, तीही माकडांच्या उड्यांनी मोडली म्हणून. देखभालीला वर्षातून तीन दिवस लागतात. ऑक्टोबरात पाऊस थांबला की कुंपणाच्या पायथ्याशी साठलेला झावळ्यांचा आणि पाल्याचा कचरा ओढून काढायचा, कारण तो ओल धरून ठेवतो. वाळवीची मातीची नळी चढताना दिसली तर तेव्हाच खरवडायची. खांब मातीत असतील तर पायथ्याची माती चार बोटे उकरून स्क्रूड्रायव्हर टोचून पाहायचा. सहज आत गेला तर खांब आतून गेला आहे. अशा वेळी सगळा खांब फेकू नये. कुजलेला भाग कापून बाकीचा सिमेंटच्या आखूड खांबाला जोडावा. फेब्रुवारीत, लाकूड वाळलेले असताना, लेप द्यायचा. मे महिन्यात करवंट्या, बोल्ट आणि फाटकाचे कब्जे तपासायचे.

या तीन दिवसांत पुतण्या मुंबईहून येऊ शकला तर येतो. नाही आला तर त्याची आई माझ्याबरोबर रेषेच्या पलीकडून चालते. बोलता बोलता काम होते. आपल्या कुंपणाकडे या ऑक्टोबरात पाहणार असाल तर शेजाऱ्यालाही हाक मारा. जुने बुंधे असतील तर उपटण्याआधी दोघांनी मिळून ते कुठे आहेत ते पाहा, विहिरीपासून, घराच्या कोपऱ्यापासून त्यांची अंतरे मोजा आणि कागदावर लिहून दोन्ही घरांत ठेवा. लाकूड आज ना उद्या जाईलच. आपण गेल्यावर मुलांना ती रेघ सापडली पाहिजे.